देव्हाऱ्यातली कात

हसू नका, पण आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी एक किडा बसायचा. दगडातला.

तो दादानं आणला, माझ्या थोरल्या भावानं. दुष्काळात मेंढरं विकावी लागली, तेव्हा तो वाळूजच्या एका कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. माल घेऊन पार उत्तरेला जायचा. एकदा हिमालयाकडच्या वाटेवर कुणाकडून तरी हा काळा दगड घेऊन आला. त्यावर बोटाच्या पेराएवढं काहीतरी उठून दिसत होतं, आडव्या कड्याकड्यांचं. आईला तो टाकच वाटला. आमच्यात घरचं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवात ठेवतात, तो टाक. "कुणाचा का असंना, उपाशी नाय ठिवायचा," म्हणाली. टँकरचे दोन हंडे मिळायचे, त्यातलं पळीभर पाणी रोज याला! मी नुसती धुमसायचे.

पुढच्या खेपेला दादा गेला, तो आलाच नाही. ट्रक एका ढाब्यावर उभा सापडला, दादा नाही. शोधलं, पोलिसात दिलं, काही हाती लागलं नाही. वर्षं गेली. आमच्या चराईच्या माळावर प्लॉट पडले. चुलते म्हणायला लागले, "वैनी, आता त्याचा टाक करा. असं लटकत नका ठिवू त्याला." आई ऐकून घ्यायची आणि उठून जायची.

मी तेव्हा कॉलेजात होते. भूगर्भशास्त्राच्या सरांना तो दगड दाखवला, तर सर केवढे हरखले. "अगं, ट्रायलोबाइट! डायनासोरसुद्धा नव्हते, तेव्हा हा समुद्राच्या तळाशी रांगायचा." मग भिंग लावून म्हणाले, "पण हा तो नसावा, त्याची कात असावी. अंग वाढलं की हे जुनं कवच उसवून बाहेर पडायचे. बघ, गालाकडचा भाग सुटलाय."

झालं! एवढी वर्षं आई रिकाम्या टरफलाला पाणी घालत होती. घरी आल्या आल्या सांगून टाकलं.

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "म्हंजी हितं मेला नव्हता?"

"आई, त्याला कोट्यवधी वर्षं झाली. जातच संपली त्यांची."

"ते नाय इचारलं. कात टाकली तवा जिता व्हता का?"

"व्हय."

"मंग बास."

त्या आठवड्यात चुलते पुन्हा आले. सोनाराशी बोलून आले होते. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "टाक करायचा नाय. मी हाय तवर ह्या घरात त्याचा टाक बसणार नाय."

आता चहूबाजूंनी इमारती झाल्यात, मधे आमचं पत्र्याचं घर. बिल्डर येतो, फ्लॅट देतो म्हणतो. आई हलत नाही. "त्यानं घर कसं वळखावं?" म्हणते. दादा येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी परवा तो बिल्डर सहज म्हणाला, "ताई, निदान हे दार तरी बदला, पार सडलंय," तर मी त्याच्यावर अशी खेकसले, की आईच आतून धावत आली.