तेशाबोयच्या नावाचं शेपूट

नोर्मत लोहाराला तीन मुलगे झाले आणि तिघांचीही नावं त्याने भात्यासमोर बसूनच ठरवली. थोरला बोल्ताबोय, मधला तेशाबोय, धाकटा उरोकबोय. म्हणजे कुऱ्हाड, वाकस आणि विळा, आणि प्रत्येकाच्या मागे आपल्याकडच्या 'राव'सारखा एकेक 'बोय'. "चौथा झाला तर काय, घणबोय म्हणणार?" असं त्याची बायको ओइशा विचारायची. चौथी मुलगी झाली म्हणून निभावलं.

पण मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यात नुसत्या नावावर कुणाचं भागत नसे. तिथे माणसाला खरी ओळख देतो तो 'ची'. आपल्याकडे तबलचीच्या, मशालचीच्या मागे लटकतो ना, तोच. लोखंड ठोकणारा नोर्मत तो तेमिरची. चायखान्याचा होशिम तो चायखानाची. पाटाचं पाणी सोडणारा सुवची, लग्नं जुळवणारी सोवची. ज्याच्या नावाला 'ची' नाही, त्याची गणती पोरासोरांत, मग त्याला मिशा का फुटलेल्या असेनात.

तेशाबोयला मिशा फुटल्या होत्या. चांगल्या दाट फुटल्या होत्या. 'ची' मात्र नव्हता.

बोल्ताबोय आणि उरोकबोय बापाच्या हाताखाली तेमिरची झाले. तेशाबोयला भट्टीसमोर बसलं की घेरी यायची. म्हणून त्याने ठरवलं, आपण कर्नायची व्हायचं. कर्नाय म्हणजे आपल्या कर्ण्याचा थोरला भाऊ, पुरुषभर उंचीहून लांब पितळी नळा, लग्नाच्या वरातीपुढे आभाळाकडे तोंड करून फुंकायचा. गावातल्या म्हाताऱ्या वादकाने त्याला शिकवलं आणि आपला जुना कर्नायही दिला. तो हिवाळाभर पडवीत टांगलेला होता. तेशाबोयने पहिल्याच वरातीत छाती भरून फुंक मारली. आवाज आला नाही. त्याने डोळे मिटून, गाल टम्म फुगवून पुन्हा फुंकलं. नळ्यातून आधी गवत उडालं, मग पिसं, आणि मग एक संतापलेली चिमणी सुटली ती थेट नवरदेवाच्या टोपीवर जाऊन बसली. नवरदेव टोपी टाकून पळाला. नवरी बुरख्याआड इतकी हसली की तिच्या आईला तिला चिमटे काढावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून तेशाबोय झाला चुमचुकची. चिमणीवाला.

"हा काय धंदा आहे का?" तो होशिमला म्हणाला.

"धंदा नसेल," होशिम किटली पुसत म्हणाला, "पण 'ची' तर मिळाला? जरा धीर धर, दुसराही मिळेल."

तो मिळाला. तेशाबोयने भोपळे विकायला आणले आणि बैठ्या घराच्या छपरावर रचून ठेवले. मोहल्ल्याचा अक्सकाल, म्हणजे मुख्य म्हातारा, खाली गल्लीत स्वच्छतेवर भाषण करत असताना एक भोपळा सरकला. त्याच्यामागे बाकीचे निघाले. अक्सकाल वयाच्या मानाने फारच चपळ निघाला एवढंच. तेशाबोय कोवोकची, म्हणजे भोपळेवाला झाला. मग तो टीव्हीच्या तारा बसवायला लागला. एका घराच्या छपरावर चढला असताना शेजाऱ्याने जर्दाळू काढायला म्हणून त्याची शिडी नेली. हाक मारावी तर अंगणात घरची सून केस धूत बसलेली. परक्या बाईला वरून हाक मारायची म्हणजे शोभतं का? बिचारा छपरावर पालथा पडून राहिला. अंगणातून दिसत नव्हता खरा, पण गल्लीच्या बाजूने सगळ्या जगाला दिसत होता. दुपार ढळेपर्यंत तो तोमची झाला होता. तोम म्हणजे छप्पर.

ओइशाला आता लेकाच्या लग्नाची काळजी लागली. कुवा गावात डाळिंबाच्या बागेवाल्यांची एक मुलगी होती, इनोयत. हसरी, कामसू. ओइशा सोवचीला बरोबर घेऊन मुलीच्या घरी गेली. भाकर मोडली, चहा झाला, आणि मुलीच्या आईने विचारलं, "मुलगा काय करतो?"

त्या आठवड्यात तेशाबोयने घरातली दोन गजराची घड्याळं उघडली होती. त्यातलं एक पुन्हा चाललंही होतं. ओइशाने मान ताठ केली. "माझा तेशाबोय सोआतची आहे."

घड्याळजी! मुलीच्या आईचे डोळे चमकले. पण होकार देण्याआधी मुलाच्या मोहल्ल्यात जाऊन चौकशी करायची रीतच आहे. तिने आपला भाऊ इसहोक याला मार्गिलानला धाडलं.

इसहोक सरळ चायखान्यात आला, जोडे काढून खाटल्यावर बसला आणि म्हणाला, "तुमच्या मोहल्ल्यातला तेशाबोय सोआतची कसा माणूस आहे?"

शेजारच्याच खाटल्यावर तेशाबोय पाठ करून बसला होता.  आईने घरी येऊन सगळं सांगितलंच होतं. उठून 'मीच तो' म्हणावं, तर आपल्याच चौकशीत तोंड घालणारा नवरा कोण पत्करणार? पळून जावं, तर जोडे इसहोकच्या जोड्यांखाली. त्याने टोपी कपाळावर ओढली.

होशिमने डोकं खाजवलं. "सोआतची? नाही बुवा. आमच्याकडे तेशाबोय चुमचुकची आहे."

"चिमण्या विकतो?"

"विकत नाही. उडवतो."

कोपऱ्यातून सुवची म्हणाला, "तेशाबोय कोवोकची विसरलास? त्याने अक्सकालला मारता मारता सोडलं."

"या अल्ला!" इसहोक म्हणाला. "मारामारी करतो?"

"त्यापेक्षा तेशाबोय तोमची बरा," तिसरा कुणी म्हणाला. "दुसऱ्यांच्या घरावर पडून असतो, पण गरीब आहे."

इसहोकने टोपी काढून घाम पुसला. "अरे, एका मोहल्ल्यात तेशाबोय तरी किती? आणि त्यात एक धड नाही? अहो भाऊ, तुम्ही सांगा," तो शेजारच्या पाठीला म्हणाला, "तेशाबोय सोआतचीला ओळखता का?"

होशिमने पाहिलं, पाठीचे कान लालभडक झाले होते. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो चटकन म्हणाला, "हां हां, याला विचारा! हा त्याला अगदी जवळून ओळखतो."

तेशाबोय वळला. "भला माणूस आहे," तो पुटपुटला. "म्हणजे... लोक म्हणतात. आईवर जीव आहे त्याचा. मिशा चांगल्या आहेत."

"दारू?"

"थेंब नाही."

"नाव काय तुमचं?"

"ते... बोल्ताबोय," त्याने थोरल्या भावाचं नाव ठोकून दिलं. सुवची चहाच्या वाटीत तोंड घालून खोकायला लागला.

इसहोक खूश झाला. "मोहल्ल्यात एक तरी शहाणा भेटला! असं करा, बोल्ताबोय, तुम्हीच चला माझ्याबरोबर कुव्याला. हे सगळं माझ्या बहिणीसमोर सांगा. मी सांगितलं तर ती म्हणेल, दादा चायखान्यात बसून पुलाव खाऊन आला."

"मी? नको नको, मला काम..."

"याला काही काम नाही!" होशिम आणि सुवची एका सुरात म्हणाले आणि त्याचे जोडे स्वतःच्या हाताने त्याच्या पुढ्यात ठेवले.

अशा रीतीने तेशाबोय स्वतःच्याच वतीने साक्ष द्यायला होणाऱ्या सासरी गेला. त्याला मानाने वरच्या बाजूला बसवलं. पुढ्यात पुलावाचं ताट आलं. मुलीच्या आईने एकेक प्रश्न विचारावा आणि त्याने एकेक उत्तर द्यावं, असं चाललं होतं. बोलता बोलता त्याला धीर आला. तेशाबोय मेहनती आहे, तेशाबोय शांत आहे, तेशाबोयचा आवाज गोड आहे. शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच त्या तेशाबोयचा हेवा वाटायला लागला.

इनोयत चहा घेऊन आली, तेव्हा तो तेशाबोयच्या स्वच्छतेबद्दल बोलत होता. कोनाड्यात एक गजराचं घड्याळ अडखळत टिकटिकत होतं. मुलीची आई म्हणाली, "हे बघा, चार वाजता सहा दाखवतंय. जावई आला की पहिलं हेच काम देणार आहे."

तेशाबोयने ते सहज हातात घेतलं. नुसतं पाहायला. मग त्याच्या बोटांनी नुसता एक स्क्रू सैल केला. खटकन झाकण उघडलं, आतली कमान सपकन उलगडली, उडाली आणि पुलावाच्या ताटात मधोमध जाऊन रुतली. घड्याळ एकदा घणघणलं आणि कायमचं गप्प झालं.

 इनोयतने चमच्याने भातातून कमान उचलली, तिला चिकटलेलं गाजर झटकलं आणि विचारलं, "बोल्ता म्हणजे कुऱ्हाड ना?"

"हो."

"आणि तुमच्या मोहल्ल्यातला तो दुसरा, तेशा. वाकस. तुम्हाला धाकटा भाऊ आहे?"

"आहे ना. उरोकबोय."

"विळा!" इनोयत म्हणाली. "म्हणजे कुऱ्हाड आहे, विळा आहे. मधला वाकस कुणाच्या घरात जन्मला मग?"

तेशाबोयने ताटात पाहिलं. मग एक मोठा घास तोंडात कोंबला.

इनोयत मामाकडे वळली. "मामा, चौकशी करायला गेलात आणि माणूसच उचलून आणलात?"

 मुलीची आई ताडकन उठली. "खोटारडा! घरात बसून स्वतःचंच गुणगान! आणि माझं घड्याळ!"

"घड्याळ मी दुरुस्त..."

"हात लावू नकोस!"

मग तेशाबोयने हात जोडले आणि चिमणीपासून सगळं सांगितलं. भोपळे सांगितले, अक्सकालची उडी सांगितली. छपराचं सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. "ती केस धूत होती हो. हाक कशी मारू?" इतका वेळ गंभीर बसलेली इनोयत तोंडाला ओढणी लावून आत पळाली आणि आतून तिचं हसणं असं काही ऐकू यायला लागलं की आधी मामा हसला, मग नाइलाजाने आईही.

"आई," आतून आवाज आला, "घड्याळं बाजारात मिळतात."

लग्न शरदात झालं. कर्नाय वाजवणाऱ्याने सर्वांदेखत नळा आधी झटकून दाखवला, मगच फुंकला.

इनोयतने आल्या आल्या दारात तंदूर बांधला. तिच्या हातच्या सोमश्यांसाठी, म्हणजे तंदुरात भाजलेल्या समोशांसाठी, गल्लीच्या टोकापर्यंत माणसं उभी राहायला लागली आणि पहिल्याच महिन्यात ती सोमसाची झाली, काही खटपट न करता. तेशाबोय तिच्याकडे कांदा चिरायला बसला. रास मोठी आणि डोळे हळवे. पहिल्या सकाळी तो दाराशी बसून हुंदके देत, नाक ओढत कांदा चिरत होता. पलीकडच्या होलबुवी आजीला दिसेना नीट. तिला वाटलं, नोर्मत गेला. तिने तिथूनच हंबरडा फोडला. बघता बघता बायका काळे रुमाल बांधून आल्या, पुरुष कमरेला शेले बांधून भिंतीशी ओळीने उभे राहिले. होशिम चायखाना बंद करून आला आणि तेशाबोयच्या गळ्यात पडला. "धीर धर रे भावा, धीर धर."

"कोण गेलं?" रडत रडत तेशाबोय.

"तूच सांग!" रडत रडत होशिम.

तेवढ्यात बोळातून नोर्मत तेमिरची हातोडा घेऊन आला. गर्दी पाहून त्याचा चेहरा उतरला. टोपी सावरून तो हळूच ओळीत उभा राहिला आणि शेजाऱ्याला कुजबुजत म्हणाला, "कोण गेलं रे? चांगला होता का?"

शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि "तूच की!" म्हणत तो तिथेच मटकन बसला.

इनोयतने आल्या माणसांना तसं पाठवलं नाही. जमलेल्या सगळ्यांना तिने गरम सोमसे खाऊ घातले आणि त्या दिवसापासून तेशाबोय यिगिची झाला. यिगिची म्हणजे मयतीला गळा काढून रडणारी बाई. तो आठवडाभर रुसला.

"निदान बाईचा 'ची' तरी नको होता," तो म्हणाला.

"रड की तू," इनोयत तंदुरात वाकून म्हणाली, "पण जरा बारीक चीर. काल एकाच्या तोंडात अख्खी फोड आली."

तो नाक पुसून पुन्हा बसला. आणि खरं सांगायचं तर मोहल्ल्यात कांदा त्याच्याइतका बारीक अजूनही कुणी चिरत नाही.