कोणती गोळी

"वाचा बाई, मी आयकून राह्यलो," असं म्हणून तो डोळे मिटायचा. तुम्ही पाहिलं असतं तर झोपला असंच म्हणाला असता. पण मांडीवर त्याची बोटं हलत असायची, जाळ्याची गाठ मारावी तशी. मी एखादी ओळ गाळली की बोटं थांबायची.

मी तालुक्याच्या दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटना समजावून सांगायचं काम करते. तो गोंडपिपरीकडच्या एका गावचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला, वय बत्तीस. थंड पाण्यात उतरला की हाडं ठणकायची. म्हणून बाकीचे पाण्यात आणि हा काठावर जाळी विणत बसायचा. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, हा आमचा नियम. तो पानात गुंडाळलेले मासे चौकीदाराजवळ ठेवून जायचा. "नियम तुम्हाले हाये, मासोळीले नाई."

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली. नेहमीचं औषध सगळ्यांचं चालूच राहणार, त्यावर निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. संमतीचा कागद मी त्याला तीन वेळा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्याची आई सोबत होती.

त्यानं डोळे उघडले. "तुमचा भाऊ असता तं काय सांगतलं असतं?"

"निर्णय तुमचाच आहे."

"ते कागदावर लिवलंच हाये. मी तुम्हाले इचारून राह्यलो."

मी कागदांच्या कडा जुळवत बसले. आपलं मत द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं.

शेवटी आई बोलली. याच आजारानं तिचा थोरला गेला होता. "कर सही. त्याच्या येळेस कोणी इचाराले आलं नोतं."

त्यानं सही केली. दर महिन्याला नागपूरला जाऊ लागला, येताना मला भेटून जाई. त्रास कमी आहे का विचारलं तर म्हणायचा, कधी वाटते, कधी नाई. सातव्या महिन्यात ताप आला, छाती भरली. दोन दिवसांत गेला. मला दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं. मी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

चाचणी संपल्यावर वर्षभरानं पत्र आलं, कोणाला कोणती गोळी होती त्याचं. मी निरोप धाडला. आई एकटीच आली. खुर्चीवर न बसता दाराशीच उभी राहिली.

मी सांगितलं, त्याला साधी गोळी होती.

मला वाटलं, आता रडेल. फसवलं म्हणेल.

"म्हंजे त्या औषधानं नाई गेला," ती म्हणाली. "मीच कर म्हनलं होतं सही."

"नाही. औषधानं नाही गेला."

"नक्की?"

"नक्की."

ती खाली फरशीवरच बसली. पत्र तिनं मागितलं नाही. प्यायला पाणी मागितलं.