काढायला लावलेले चोवीस दांडे

अलास्कात माझं पोस्टिंग अडीच वर्षं होतं. बाराव्या वर्षी नागपूरहून टेक्सासला आलेली मी, खरा बर्फ पाहिला तो अमेरिकन आर्मीच्या गाडीच्या स्टीअरिंगमागून. मी ड्रायव्हर, हुद्दा स्पेशालिस्ट, आडनाव नेने. गाडी रबरी ट्रॅकची, दोन डब्यांची. जमिनीवर चालते, पाण्यात तरंगते. कागदावर ती कुठेही जाते.

परवा इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मराठी मंडळाच्या जेवणात एका काकांनी विचारलं, "ट्रॅकची गाडी बर्फात अडकतेच कशी? ड्रायव्हर कच्चा असणार." म्हणून हे लिहिते आहे.

नदीतून वर येताना ओले ट्रॅक बघता बघता गोठतात. रबर तव्यासारखं गुळगुळीत होतं आणि समोर काठावर छातीएवढा भुसभुशीत बर्फ. ट्रॅक जागेवरच फिरतात आणि गाडीचं पोट टेकतं. मग जितकी रेस द्याल तितकी ती रुतते.

सार्जंट ऑल्सन आमचे मेकॅनिक. मिनेसोटात शेतावर वाढलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी भंगारातलं लोखंड कापून चोवीस दांडे केले आणि चारही ट्रॅकवर सहा-सहा आडवे बसवले. प्रत्येकाला दोन बोल्ट. त्यानंतर आमची गाडी एकदाही रुतली नाही. उलट बाकीच्यांना आम्हीच ओढून काढायचो.

मग इन्स्पेक्शन आलं. मेजरच्या चेकलिस्टमध्ये दांड्यांसाठी रकाना नव्हता.

"हे काय?"

"बर्फात पकड येते, सर."

"मंजुरी?"

"तीन अर्ज केलेत, सर. उत्तर नाही."

"मग आज दुपारी १६०० पर्यंत काढा."

माझं डोकं फिरलं. दांडे काढताना मी म्हटलं, "सार्जंट, हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"नेने, बोल्ट मोजून डब्यात ठेव," ते म्हणाले. "परत लागतील."

दुसऱ्या दिवशी ०९४० ला रेडिओ वाजला. नदीपलीकडे सरावाला गेलेला एक जवान कड्यावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. हवामानामुळे हेलिकॉप्टर बंद. दांडे परत लावायला दोन तास लागले असते, आणि हुकूम ताजा होता. पुलावरचा रस्ता फार लांबचा, म्हणून नदीतूनच जायचं ठरवून ०९५५ ला आम्ही दोघं निघालो.

१०२० ला नदी पार केली. काठावर ट्रॅक फिरायला लागले. तीनदा मागे घेतली, तीनदा चढवली. पोट टेकलं. सार्जंट उतरले, झाडाच्या फांद्या तोडून ट्रॅकखाली कोंबल्या, बाजूला होऊन हात वर केला.

"हळू, नेने. रेस नको."

मी हळूच दिली. गाडी हातभर चढली आणि आडवी घसरली, ते उभे होते त्याच बाजूला. मी रेडिओ उचलला.

"मेडिक पाठवा. सार्जंट ऑल्सन गाडीखाली आहेत."

"रॉजर. दुसरी गाडी पुलावरून येतेय. दीड तास."

ते १११२ ला गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता. जखमी जवानाला दुसऱ्या गाडीने आणलं, तो वाचला.

रिपोर्टमध्ये आलं की सार्जंट निष्काळजीपणे धोक्याच्या जागी उभे राहिले. काढलेल्या दांड्यांबद्दल एक अक्षर नाही. कॅप्टनने तशीच लिहून आणलेली जबानी माझ्यापुढे ठेवली.

"सही कर, नेने. न करून काही बदलणार नाही."

"मग माझी सही कशाला हवी, सर?"

मी सही केली नाही. रिपोर्ट तसाच पुढे गेला.

पुढच्या हिवाळ्यात खोकी आली. आत नवे कोरे दांडे, पार्ट नंबरसकट. सूचनापत्रात लिहिलं होतं, खोल बर्फात आणि पाण्यातून चढताना हे लावल्याशिवाय गाडी नेऊ नये. मी मोजले. गाडीमागे चोवीस. सार्जंटचं नाव कुठेच नव्हतं. तो संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मी जुन्यातला एक दांडा त्यांच्या वडिलांना पाठवला. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"सैन्याचं पत्र आलं होतं, की माझा मुलगा निष्काळजी होता."

"नाही, सर. हे दांडे त्यांनीच लावले होते. ते काढायला लावले, आदल्या दिवशी."



"दांड्याला दोन भोकं आहेत. बोल्ट कुठे आहेत?"

"अठ्ठेचाळीस. सगळे डब्यात आहेत, माझ्याकडे."

"मोजून ठेवायला त्यानेच सांगितलं असेल," म्हातारा म्हणाला.