खिसा लावलेली चड्डी

अख्ख्या मावळात घाबरायचं राहून गेलेला एकच माणूस असेल, तर तो म्हणजे आमचे घरमालक. नवलाख उंबरे गावात त्यांचं शिलाईचं दुकान, दुकानावर एक पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत हिंगोलीकडून आलेला, नववीतून शाळा सोडलेला, कंपनीत ठेक्यावर लागलेला मी. गाव त्यांना भाई म्हणतं, म्हणून मीही. मला सकाळी डोळा उघडला की आधी भीती वाटते, मग कशाची ते आठवतं. ठेकेदार कधी ‘उद्यापासून ब्रेक’ म्हणून घरी बसवेल याचा नेम नसतो. आणि खाली भाईंचं मशीन आपलं एका चालीत चालू. आल्या आल्या मला ताप भरला तेव्हा हाच माणूस चार दिवस घरची पेज घेऊन जिना चढायचा. परमुलखात आपल्या कपाळाला कुणी हात लावला, हे विसरता येत नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

भाईंना घाईत बघितलेला माणूस गावात सापडणार नाही. एकदा लग्नाच्या सकाळी नवरदेव हळदीच्या अंगानं दुकानात धावत आला. कोटाला एकच बाही, दुसरी अजून टेबलावर. “भाई, मुहूर्त चाललाय!” भाईंनी खडूची रेघ शेवटपर्यंत ओढली आणि म्हणाले, “बस की. तुला सोडून लगीन लागतंय व्हय?” दुकानात धामण शिरली तेव्हा गिऱ्हाइकं टेबलावर चढली, भाईंनी नुसते पाय वर घेतले. “तिला बी कुटंतरी जायचंच आसंल,” म्हणाले आणि काजं करत राहिले. आणि एकदा तर मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. मीच ओरडलो. त्यांनी दुसऱ्या हातानं चाक उलटं फिरवून बोट मोकळं केलं आणि मला विचारलं, “जेवलास का?”

असा माणूस कबड्डी खेळायचा, हाच मोठा विनोद. वय अडतीस, आणि चढाईला निघाले की वाटायचं, पलीकडे कुणाच्या घरी निरोप सांगायला चाललेत. गावाचा संघ तीन वर्षं हरत होता आणि खापर भाईंवर फुटायचं. सगळ्यात मोठा आवाज बघ्यांत पुढच्या रांगेत बसणाऱ्या आबांचा. “ह्या म्हाताऱ्याच्या अंगात रगत हाय का ताक?” म्हणून ते बसल्या जागी उठाबशा काढायचे. शेवटी ठरलं, इंदुरी गावच्या स्पर्धेत भाई चमकले नाहीत तर त्यांनी जर्सी उतरवून ठेवायची. भाई ‘बरं’ म्हणाले. मला मात्र दोरा गुंडाळता गुंडाळता एवढंच बोलले, “संघातनं गेलो तर मी नुसता शिंपी उरंन रं.”

त्या स्पर्धेसाठी संघाच्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या आणि वीस वर्षांच्या सवयीनं साऱ्यांना खिसे लावले. कबड्डीच्या चड्डीला खिसा! पोरं लोळून हसली. “खिशाबिगर मंजे अर्दं काम,” भाई म्हणाले. उसवायला वेळ नव्हता, तशाच घालून गेली.

समोर कान्हे गावचा संघ. भाईंच्या पहिल्याच चढाईत तिकडच्या एका गड्याची चार बोटं भाईंच्या खिशात अडकली. दुसऱ्या कुणाची शिवण असती तर टरकन फाटून भाई सुटले असते. पण ती भाईंची, दुहेरी टीप मारलेली. तो गडी ओढतोय, भाई ओढतायत, खिसा हूं की चूं करेना. तिघं वर पडले. भाई उठले तेव्हा उजवा खांदा खाली लोंबत होता. “शिवन पक्की हाय,” एवढं बोलून ते बाद होऊन बाहेर बसले. लोक ओरडले, “भाई, माप घ्यायला गेलतात का?” आबा ओरडले, “काढा त्याला!” आणि मीही ओरडलो, “गडी बदला, गडी बदला!” ज्या तोंडानं पेज प्यालो, त्याच तोंडानं.

पण आमच्या एकानं गडी टिपला, म्हणून भाई नियमानं परत आत आले. कप्तानानं ‘राहू द्या’ म्हटलं, तर म्हणाले, “दम हाय अजून.” मग आमचे एकेक करत सगळे बाद झाले. मैदानात एकटे भाई. आम्ही चार गुणांनी मागे आणि वेळ एका चढाईपुरता. भाईंनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, खिशात घातला आणि निघाले, तसेच, निरोप सांगायला. ‘कबड्डी, कबड्डी’ एवढंच ऐकू येत होतं, एका चालीत, कुठं गाठ नाही. एका हाताचा गडी बघून कान्ह्याची पोरं हावरी होऊन पुढं सरकली. एकाला पायाचा अंगठा, फिरताना दुसऱ्याला डावा हात, आणि अंगावर झेपावलेल्या तिसऱ्याला टाच. भाई रेषेवर परत आले आणि शिट्टी वाजली. एका गुणानं हरलो.

तरी कुणी जागचं हललं नाही. आबा उठून उभे राहिले. “ह्याला म्हातारा कोन म्हनतंय रं?”

“तुमीच की आबा.”

“म्हनलो आसंन. आता म्हना बरं कुनी!” डोळे पुसत त्यांनी भाईंना स्वतः गाडीवर बसवलं.

तळेगावच्या डॉक्टरांकडे मी सोबत होतो. खेळ कायमचा बंद, खांदा पुन्हा निखळला तर हात वर होणार नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर भाई म्हणाले, “गावात बोलू नगं.” मी विचारलं, “भाई, तुम्हाला भीती वाटत नाही?”

“लय वाटती. पन दम घोकताना घाबरलं की आवाज तुटतो, आन तुटला की बाद. मंग सवयच लागली.”

आता आबा रोज अंडी घेऊन येतात. पोरांनी भाईंनाच कप्तान केलंय. “फुडल्या साली कान्ह्याला दावू!” म्हणतात. भाई म्हणतात, “बघू की.” दोन पायऱ्या वर उभा राहून मी ऐकतो, डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक असून.

परवा आबांनी नव्या चड्ड्यांसाठी कापड आणलं. भाईंनी डाव्या हातानं सहा जणांची मापं घेतली, मी लिहून घेतली. “आन कप्तानाचं?” आबांनी विचारलं. भाईंचं माप आता कोण घेणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाईंनी फीत माझ्या हातात दिली, “घे रं माजं.” मी त्यांच्या कमरेभोवती फीत फिरवली, पण मला आकडाच दिसेना. मग त्यांनी माझ्या कानाशी हळूच आकडा सांगितला, आणि मी तो नीट अक्षरात लिहिला.