मऊ हिरव्याचा शोध

हिवाळ्यातलं तिरपं ऊन खिडकीतून आत आलं आणि बुलढाण्यातल्या आमच्या दोन खोल्या लाल, पिवळ्या, जांभळ्या ठिपक्यांनी एकदम भडकून उठल्या. हा पराक्रम माझा होता. घरात शांतता नांदावी म्हणून मी क्रोटनच्या कुंड्या मागून आणल्या होत्या! महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, साहेबांच्या बंगल्यांच्या पायऱ्यांवर क्रोटन दिमाखात उभे असत, आणि जे साहेबाला शोभतं ते कारकुनाला शांतवील, असं माझं साधं गणित. बायकोनं एकवार पाहिलं आणि वरातीचा बँड घरात कशाला आणला, एवढंच विचारलं. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी तर पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सारी धडपड त्यांच्यासाठीच होती. सासरे गेले, देऊळघाटचा भाजीचा मळा पुतण्यांकडे कसायला गेला आणि आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. जन्मभर वाफ्यांत बसलेली ही बाई आमच्याकडे दिवसभर भिंतीला तोंड करून बसे. ताटातली भाकर चतकोर तुटे, बाकीची तशीच राही. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या, आणि ते ताट उचलताना बायको माझ्याकडे पाहायचं टाळत असे. शोकानं शिणलेल्या दृष्टीला विसावा कुठे मिळत असेल? मला वाटे, कोवळ्या हिरव्या रंगात. गडद हिरव्यात एक अधिकार असतो, चकचकीत हिरव्यात थोडी बढाई असते. पण नुकत्या उमललेल्या पानाचा तो मऊ, पोपटीकडे झुकलेला हिरवा काही मागत नाही, काही सांगत नाही, नुसता जवळ बसतो.

म्हणून कुंड्या ज्याच्या त्याला परत केल्या आणि मी मऊ हिरव्याच्या शोधाला लागलो. लोणारला कामासाठी गेलो होतो, तिथल्या झऱ्याच्या धारेजवळच्या ओल्या खडकावरून हंसराजाचा नेचा आणला. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, तान्ह्या लेकरासारखा! काळ्या रेशमी देठांवरची ती नाजूक झालर पाहून मी कृतार्थ झालो. पण आमच्या कोरड्या हवेत त्या झालरीचा चारच दिवसांत चुरा झाला. मग शतावरी आणली. धुक्यासारखी तरल, दुरून पाहावी तर नुसता हिरवा निःश्वास. कुरवाळायला गेलो तेव्हा कळलं की त्या धुक्याच्या आत काटे असतात. अशी माणसंही असतात, असं काहीतरी गंभीर मी बोट चोखत म्हणालो. बायकोनं हळद लावली, पण माझ्या तत्त्वचिंतनाकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी मसाल्याच्या डब्यातली मूठभर मेथी मागून घेतली आणि वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत पेरली. काय सांगू, ती उगवली तेव्हा वाटलं, हेच ते! तीन-तीन पानांचे इवले पंजे, उन्हात पारदर्शक, वाऱ्याच्या नुसत्या चाहुलीनं थरथरणारे. मी घरात जाहीर करून टाकलं की ही भाजी नव्हे, ही शोभा आहे. हिला कुणी हात लावायचा नाही. बायको हसली नाही, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

मग एक नवल दिसू लागलं. सकाळी डावीकडे ठेवलेले डबे संध्याकाळी उजवीकडे, उन्हाच्या मागोमाग सरकलेले असत. मला वाटे बायको सरकवते, तिला वाटे मी. सासूबाईंची पाठ मात्र आता भिंतीकडे आणि तोंड खिडकीकडे असे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. रंगाचा गुण!

एका रविवारी बाजारातून परतलो, तर खिडकीत बोडके देठ उभे. माझी शोभा, माझा विसावा, माझं सगळं सौंदर्यशास्त्र कुणी नखानं खुडून नेलं होतं. घरभर लसणाच्या फोडणीचा वास. चुलीपुढे सासूबाई बसलेल्या, बोटं हिरवी, नखांत माती. माझी चाहूल लागताच त्यांनी पदर सारखा केला आणि लेकीला म्हणाल्या, "जवायले सांग व, लय दाट पेरली होती. पोसली नसती."

इतक्या दिवसांतलं त्यांचं पहिलं सबंध वाक्य, आणि तेही माझ्याबद्दलच्या तक्रारीचं! मी त्या बोडक्या डब्यांपाशी जाऊन उभा राहिलो. रुसावं की काय करावं, हे माझं मलाच ठरेना. शांती डोळ्यांवाटे आत शिरते, असं मी धरून चाललो होतो. काही माणसांत ती बोटांवाटे शिरत असावी. आणि मी भल्या माणसानं तर बोटांनाच मनाई करून ठेवली होती.

जेवणं झाल्यावर बायको माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हातात आईचं ताट होतं, पुसून घेतल्यासारखं लख्ख. ते तिनं मला दाखवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मायनं आज दुसरी भाकर मांगतली. उद्या शेपू पेरजा."