वरची काच

फुटलेला मोबाइल कुणी समोर धरला की आपा आधी त्याची बोटं बघत. "काच लागली नाही ना?" एवढं विचारून मगच फोन हातात घेत. लोणावळ्याच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांची टपरीएवढी जागा होती. त्यांचा नवरा तिथं घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेल्यावर आपांनी त्याच टेबलावर, त्याचंच भिंग डोळ्याला लावून मोबाइल उघडायला सुरुवात केली.

"वरची काच वेगळी, खालचा डिस्प्ले वेगळा. गेलंय किती ते बघू, मग घाबरू," असं त्या गिऱ्हाइकाला सांगत. बाकीचे दुकानदार दोन्ही एकदम बदलून मोकळे होत. आपा मात्र फोन गरम करून, बारीक तारेनं नुसती काच सोडवायला बसत. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मीसुद्धा.

एका दुपारी जवळच्या कुरवंडे गावची एक मावशी आली. खंडाळ्याच्या एका बंगल्यात ती धुणीभांडी करायची. टेबल पुसताना मालकांचा फोन तिच्या हातून पडला होता. कंपनीच्या सेंटरनं सांगितलेला खर्च म्हणजे तिचा तीन महिन्यांचा पगार, आणि मालक तो कापून घेणार होते. एका दिवसाची मुदत मागून ती फोन घेऊन आली होती.

"म्या मुद्दाम न्हाई पाडला वो, आपा."

"मुद्दाम कोण पाडतं? बसा इथं."

आपांनी फोन तपासला. खालचं चित्र शाबूत होतं. "काच सोडवते. खालचं फुटलं तर तो खर्च माझा," त्या म्हणाल्या.

मला राहवेना. "आपा, महागाचा फोन आहे. कशाला अंगावर घेता?"

"तिच्या अंगावर पडलंय, त्यापेक्षा हलकंच आहे."

दोन तास मावशी जागची हलली नाही. काच निघाली, डिस्प्ले वाचला, आणि चार दिवसांच्या मजुरीत काम भागलं. तरी ती उठेना. "मालकांना पटायचं न्हाई," म्हणाली. आपांनी शटर ओढलं, फुटकी काच कागदात गुंडाळली आणि रिक्षानं तिच्यासोबत खंडाळ्याला गेल्या. तिथं त्या काय बोलल्या, ते मावशीनंच मला नंतर सांगितलं. "साहेब, हातातून सुटणं हा काही गुन्हा नाही. तिनं लपवलं नाही, दुरुस्त करून आणलं. पगार कापू नका." मालक ओशाळले. पगार पुरा मिळाला.

तेव्हापासून बाजारात आली की मावशी आपांपाशी टेकल्याशिवाय घरी जात नसे. दोघी चहा पीत आणि माझ्या तक्रारी एकमेकींना सांगत.

गेल्या वर्षी आपांची नजर अधू झाली. "दुसऱ्याच्या वस्तूवर चाचपडत हात कसा टाकू?" म्हणत त्यांनी दुकान बंद केलं आणि मिरजेला लेकीकडे जायचं ठरवलं. स्टेशनवर पोचवायला मी आणि मावशी गेलो होतो.

"आपा, तितं कोन हाय तुमचं?"

"लेक आहे ना."

"आन् हितं मी हाय. जीव रमला न्हाई तर सरळ कुरवंड्याला यायचं."

गाडी हलेपर्यंत आपांनी खिडकीतून मावशीचा हात सोडला नाही.