शेंगदाणा टाळून संभाजीनगर

इराच्या शाळेची मुक्कामाची सहल आहे. फॉर्म आठवडाभर फ्रिजवर चिकटवलेला आणि माझी सही काही होत नव्हती. इरा नऊ वर्षांची. दोन वर्षांची असताना दाण्याच्या लाडवाचा तुकडा खाल्ला, ओठ सुजले, श्वास अडकला, दवाखाना गाठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून बाहेरचा घास नाही. वाढदिवसालाही ती स्वतःचा डबा नेते आणि मधल्या सुट्टीत कडेच्या बाकावर एकटी बसते. "आई, मी विचारून खाईन ना," म्हणाली. म्हटलं, आधी माझ्यासमोर करून दाखव. एवढ्यासाठी आम्ही निघालो.

नाशिकहून सकाळी सहाला गाडी काढली. येवल्यापर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे चुकवत साडेचार-पाच तासांत संभाजीनगरचं चिकलठाणा. हॉटेल तिथंच घेतलं, कारण मालकानं खोलीत इंडक्शन लावू दिलं. तुमच्याही पोराची अशी अडचण असेल तर फोनवर आधी तेवढं विचारून घ्या. माझ्या पर्समध्ये डॉक्टरांनी द्यायला शिकवलेलं इंजेक्शन होतंच.

संध्याकाळी शहागंज. बांगड्या, अत्तरं, गर्दी, आणि एका बेकरीतून नानकटाईचा वास. इरा सरळ गल्ल्यापाशी गेली. "चाचा, ह्यात शेंगदाणे आहेत का?"

दुकानदार चाचांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "इसमें तो नहीं बेटा. पर दाने के बिस्कुट भी इसी ट्रे में सेकते. तू मत खा."

रिकाम्या हातानं बाहेर आलो. गिऱ्हाईक गेलं तरी माणूस खरं बोलला, ह्याचं मला फार बरं वाटलं. इरा मात्र विचारात. "म्हणजे भांड्याचं पण विचारायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. लवकर जा, उन्हाच्या आधी. मंगळवारी लेणी बंद असतात. तिथून परतीच्या वाटेवर देवगाव रंगारी, माझ्या नवऱ्याच्या सुमनआत्यांकडे. खरी परीक्षा इथंच होती. ह्या घरात कूट नसलेली भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी फोनवर दहादा बजावलं होतं. जय भीम करून टेकतो न टेकतो तोच ताटं आली.

"कूट नाय घातलं बघ," आत्या म्हणाल्या. "तेल बी करडईचं. खा बिनघोर."

इरानं लालभडक वांग्याच्या रश्श्याकडे पाहिलं. "आत्याआजी, मसाला कशात वाटला?"

"मिक्सरात की."

"त्यात आधी काय वाटलं होतं?"

आत्यांचा चेहरा उतरला. "काल दाण्याची चटणी. पर धुतलं व्हतं गं."

"मग मी हे नाही खाणार. रागावू नका."

आत्या उठून आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मायेनं रांधलेलं ताट आम्ही परत केलं होतं. मागोमाग गेले, तर त्या परात घासत होत्या. नुसतं ज्वारीचं पीठ, गरम पाणी. तवा गॅसवर ठेवला आणि लगेच उतरवला.

"हा नाय," स्वतःशीच म्हणाल्या. "ह्याच्यावर मी दाणे भाजते."

मला हे सुचलंच नव्हतं. त्यांनी पेटी उघडून कोरा तवा काढला, सुनेसाठी जपून ठेवलेला. पहिली भाकरी टम्म फुगली. इरानं दूध-गुळाशी ती खाल्ली, मग दुसरी मागितली. सात वर्षांत ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं जेवत होती. मी मिनिटं मोजत तिच्या ओठांकडे बघत होते, आणि आत्या माझ्याकडे.

"आता ह्यो तवा इराचा," त्या म्हणाल्या. "लई दिवस लावू नका परत यायला."

घरी आल्यावर इरा लगेच झोपली. सात वर्षं मी तिच्यासाठी विचारत आले आणि तव्याचं मलाही सुचलं नव्हतं. फ्रिजवरचा फॉर्म काढला. इंजेक्शन कुणाकडे, कधी द्यायचं, सगळं बारीक अक्षरात लिहिलं. सकाळी बाईंना फोन करून पुन्हा सांगणारच आहे. खाली 'इतर सूचना' अशी एक ओळ रिकामी होती. तिथं लिहिलं, 'इरा स्वतः विचारेल. तिला खरं सांगा.' आणि सही केली.